न आलेल्या गाडीचं वेळापत्रक

पुसेगाव म्हटलं की बाहेरच्या माणसाला सेवागिरी महाराजांची यात्रा आठवते. ते पुसेगाव खटाव तालुक्यातलं, साताऱ्याकडचं. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. यात्रेचा मान त्यांचा, रेल्वे मात्र दोघांकडेही नाही. आमच्याकडच्या माणसाला गाडी धरायची तर आधी हिंगोली गाठावी लागते.

या पुस्तकात पुसेगावला स्टेशन आहे. एक फलाट, इंजिनाला गाडीला वळसा घालून मागे यायला एक लूप, कापसाच्या गठाणी चढवायला माल धक्का, इंजिनासाठी पाण्याची टाकी, एक फाटक आणि दिवसातून दोनदा हिंगोलीहून येणारी, माणसं आणि माल एकत्र नेणारी मिक्स्ड गाडी. हा सगळा संसार आठ फूट लांब आणि दीड फूट रुंद प्लायवूडच्या पट्टीवर मांडलेला. ही गाडी कधी आली नाही आणि आता येण्याचं काही कारणही उरलेलं नाही. तरीही तिचं वेळापत्रक आखायचं, तिच्या वाघिणींत काय भरलं गेलं असतं ते ठरवायचं, तिच्या रुळांना किती वजन झेपलं असतं याचा हिशोब करायचा, आणि हे सगळं झाल्यावर ती चालवायची, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

मॉडेल रेल्वे म्हटल्यावर आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक, वाढदिवसाला आलेली, सेलवर गोल गोल फिरणारी प्लास्टिकची गाडी. ती दुसऱ्या दिवशी पलंगाखाली जाते. दुसरं चित्र पुण्याचं. कोथरूडमधलं जोशी रेल्वे संग्रहालय अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं असतं. भाऊ जोशी यांच्या छंदातून उभं राहिलेलं हे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. १:८७ या प्रमाणातलं ते छोटं शहर, त्यातले सिग्नल, पूल, रात्रीचे दिवे पाहिले की मोठी माणसंही काचेला नाक लावून उभी राहतात. मराठी मुलुखात या छंदाला कुणी इभ्रत मिळवून दिली असेल तर ती जोशींनी. पण ते शहर कल्पनेतलं आहे आणि तिथे एकाच वेळी अनेक गाड्या धावतात. ते पाहून घरी आलेला उत्साही माणूस तसंच काहीतरी करायला बसतो, आणि जागा, पैसा, धीर या क्रमाने सगळं संपतं.

माझं म्हणणं असं की खेड्यातल्या माणसाने, किंबहुना छोट्या घरात राहणाऱ्या कुणीही, मुख्य मार्गाच्या नादी लागू नये. साधा हिशोब करा. आजचा एलएचबी डबा सुमारे साडेतेवीस मीटर लांब. १:८७ ला तो २७ सेंटीमीटर होतो. बावीस डब्यांची एक्स्प्रेस केली तर सहा मीटर, आणि ती उभी राहायला फलाट त्याहून लांब. एवढी खोली कुणाकडे आहे? उलट शाखामार्गावरचं एक टँक इंजिन, दोन बोगी, तीन-चार वाघिणी आणि गार्डचा डबा मिळून पाऊण मीटरच्या आसपास बसतात. शिवाय मुख्य मार्गावर गाडी येते आणि जाते; आपण नुसतं बघायचं. शाखेच्या शेवटच्या स्टेशनवर गाडी आली की खरं काम सुरू होतं, आणि ते काम आपल्या हाताने करता येतं.

आमच्या भागाला असं शेवटचं स्टेशन एकेकाळी खरोखर लाभलं होतं. मनमाड–सिकंदराबाद हा मीटर गेज मार्ग निजामाच्या राज्यात एकोणिसावं शतक संपता संपता उभा राहिला. त्याला पूर्णा जंक्शनहून एक फाटा काढून तो वसमतवरून हिंगोलीपर्यंत आणला १९१२ मध्ये. अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर. हिंगोली ही कापसाची जुनी बाजारपेठ आणि हैदराबाद कंटिंजंट या फौजेची जुनी छावणी. तिथे रूळ येणं स्वाभाविक होतं. त्यानंतर देश स्वतंत्र होईपर्यंत हे रूळ हिंगोलीलाच थांबत होते. पुढे हा मार्ग उत्तरेला वाशीम, अकोला करत खंडव्यापर्यंत गेला, शेवटचं स्टेशन मधलं स्टेशन झालं, आणि काचीगुड्याहून राजस्थानकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस हिंगोलीवरून जाऊ लागली. २००८ मध्ये पूर्णा–अकोला मार्ग ब्रॉड गेज झाला. प्रवाशांचं भलं झालं, यात शंका नाही. मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र त्या वर्षी एक अख्खं जग उचललं गेलं: मीटर गेजचे रूळ, वायपी आणि वायजी या वाफेच्या इंजिनांच्या आठवणी, बुटके डबे, त्यांच्या उंचीला बेतलेले बुटके फलाट.

म्हणून पहिला मोह हिंगोलीचीच हुबेहूब प्रतिकृती करण्याचा होतो. तो मोह वाईट नाही, या पुस्तकाचा शेवटचा भाग त्यावरच आहे. पण आधी एक आकडा पाहून घ्यावा. पूर्णा ते हिंगोली १:८७ ला केलं तरी ते ९२० मीटर होतं, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर. नुसतं सहाशे मीटरचं यार्ड घेतलं तरी सात मीटर लागतात. तेव्हा हुबेहूब म्हणणाऱ्यालाही कापाकापी करावीच लागते. प्रश्न असतो तो काय ठेवायचं एवढाच. ज्याला हे कापणं शिकायचं आहे त्याने आधी कल्पनेतली शाखा करावी. तिथे आपण काही विद्रूप करत नाही, आणि तरीही प्रत्येक निर्णयाला कारण द्यावं लागतं.

कल्पनेतली शाखा म्हणजे मनाला येईल ते, असं समजून जे सुरुवात करतात त्यांच्या टेबलावर महिन्याभरात बोगदा, धबधबा, किल्ला आणि विमानतळ उगवतो. खरी शाखा कुणीतरी पैसे घालून बांधलेली असते, आणि पैसे घालणारा धबधबा बघून पैसे घालत नाही. हिंगोली–पुसेगाव मार्ग कुणी, कधी, कशासाठी बांधला असता? या एका प्रश्नाचं उत्तर पटण्याजोगं देता आलं, तर पुढची निम्मी उत्तरं आपोआप मिळतात.

माझं उत्तर बार्शीच्या वाटेने जातं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. कुर्डुवाडीपासून (तेव्हाचं बार्शी रोड) बार्शीपर्यंतचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. मग १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, आणि १९२७ मध्ये मिरज. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. कॅलथ्रॉपची खुबी अंतरात नव्हती, वजनात होती. त्याने ठरवलं की इंजिन असो, डबा असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येता कामा नये. इंजिन जड हवं तर चाकं वाढवा. म्हणून लीड्सच्या किटसन कारखान्यात त्याने अशी टँक इंजिनं करून घेतली की ज्यांना आठ चाकं एकमेकांना जोडलेली आणि मागे भार पेलायला आणखी चार. भार वाटला गेला म्हणून रूळ हलके चालले, दर यार्ड लांबीला जेमतेम तीस पौंडांचे. रूळ हलके म्हणून पूल हलके, भराव कमी, खर्च कमी. आणि वाघिणी मात्र ऐसपैस. हाच कॅलथ्रॉप पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला. वजन आणि तोल यांचं वेड त्याला शेवटपर्यंत सुटलं नाही.

आता लक्षात घ्या. १९११ मध्ये अडीच फुटी रूळ निजामाच्या मुलखात लातूरला पोचले, आणि १९१२ मध्ये मीटर गेज हिंगोलीला पोचलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कुणा कंपनीने हिंगोलीहून पश्चिमेला असाच हलका अडीच फुटी मार्ग टाकला असता, तर त्यात काही अघटित नव्हतं. विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळला आणि अचलपूरला जायची ती शकुंतला याच मापाची, तीही कापसासाठीच. खानदेशात पाचोरा–जामनेर याच मापाची होती. आपल्याकडे खेड्यात रेल्वे आली ती बहुतेक वेळा कापूस न्यायला आली, माणसं नंतर चढली.

म्हणजे आमच्या मार्गाला कापूस आहे, ज्वारी आहे, परत येताना मीठ, रॉकेल, कापड, लोखंडी पट्ट्या आहेत. पंढरपूरने बार्शी लाइटला यात्रेकरूंचं उत्पन्न दिलं, तसं काही इकडे आहे का? आहे. संत नामदेवांचं नर्सी वाटेवर घेतलं तर एकादशीला गाडी भरते. मग प्रश्न कयाधू नदीचा. ती ओलांडायची की काठाकाठाने जायचं? पूल म्हणजे खर्च. हलकी कंपनी शक्यतो टाळणार, टाळता आला नाही तर सर्वांत अरुंद जागी बांधणार. टोपोशीट समोर ठेवून, समोच्च रेषा बोटाने चाचपत, ही आखणी करायला एक आठवडा द्यावा. अजून एकही रूळ विकत घेतलेला नाही हे विसरू नये. घेऊही नये.

त्यानंतर प्रमाण. इथे थोडं गणित आहे आणि ते टाळता येत नाही. जगभर सर्वांत सहज मिळणारा मॉडेलचा रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे एचओचा. तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर रुळाची १:८७ प्रतिकृती. आपला ब्रॉड गेज १६७६ मिलिमीटर. त्याला १:८७ ला १९.३ हवेत. त्यामुळे एचओ रुळावर ठेवलेली भारतीय ब्रॉड गेज गाडी जाणत्याच्या डोळ्याला कायम अंग चोरून उभी असल्यासारखी दिसते. मीटर गेजला १:८७ ला साडेअकरा हवेत. स्वित्झर्लंडच्या मीटर गेज गाड्यांसाठी तिकडे १२ मिलिमीटरचा रूळ बनतो, तो चालतो, पण महाग पडतो. अडीच फुटीची मात्र चांदी आहे. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.७६, आणि एन या आणखी छोट्या प्रमाणाचा रूळ असतो ९ मिलिमीटरचा. फरक पाव मिलिमीटरचा. शिवाय ऑस्ट्रियात ७६० मिलिमीटरच्या डोंगरी रेल्वे आहेत आणि त्यांच्या १:८७ प्रतिकृती रोकोसारख्या कंपन्या करतात. जपानच्या काटो कंपनीची एन प्रमाणातली छोटी मोटार-चेसिसं तर आणखी स्वस्त. चेसिस त्यांचं, वरचा साज आपला. बार्शी किंवा शकुंतला करणाऱ्याला हे आयतं वरदान आहे.

रूळ घेताना उंचीही बघावी, ही गोष्ट बरेच जण विसरतात. मॉडेलच्या रुळाची उंची इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. कोड १०० म्हणजे ०.१०० इंच, २.५४ मिलिमीटर. ८७ ने गुणलं तर २२१ मिलिमीटर. आज आपल्या मुख्य मार्गावर जड एक्स्प्रेस ज्यावरून धावतात तो ६० किलोचा रूळ १७२ मिलिमीटर उंच आहे. म्हणजे कॅलथ्रॉपच्या काडीसारख्या रुळांच्या जागी आपण वंदे भारतलाही लागणार नाही असा रूळ टाकून बसतो, आणि मग सगळं जमूनही चित्र का बिघडलं ते कळत नाही. कोड ५५ घ्या, आणि त्याच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवा. वरचा माथा तेवढा चकचकीत ठेवा.

आखणीत फक्त पुसेगाव स्टेशन दिसतं. हिंगोली दिसत नाही. पट्टीच्या डाव्या टोकाला एक कडुनिंबाचं झाड आणि जिनिंगची भिंत आहे, रूळ त्यांच्या मागे जातात आणि भिंतीआड चार समांतर मार्गांवर संपतात. नाटकात पात्र विंगेत जातं आणि पुढच्या प्रवेशाला कपडे बदलून येतं, तशी गाडी तिथे जाते. त्या चार मार्गांवर हिंगोली, पूर्णा, मुंबईची गिरणी, सगळं जग आहे. इंग्लंडात सिरिल फ्रीझर या संपादकाने १९५७ मध्ये ‘मिनोरीज’ नावाचा एका फळीवर मावणारा शेवटच्या स्टेशनचा आराखडा छापला. तो शहरी लोकलचा होता, तरी आज जगभर छोट्या जागेत स्टेशन बसवणारे त्याच्यापासूनच सुरुवात करतात. आपला आराखडा त्याहून गरीब आहे, आणि तसाच हवा.

गाडी कशी चालवायची ते इथे थोडं सांगतो, कारण पुस्तक हातात घेणाऱ्याला खरी मजा कशात आहे हे आधी कळलेलं बरं. सकाळची मिक्स्ड आली. पुढे इंजिन, मागे दोन बोगी, त्यामागे तीन वाघिणी, शेवटी गार्डचा डबा. उतारू उतरले. आता इंजिन अडकलं आहे: पुढे रूळ संपतो, मागे गाडी. सांधेवाल्याने कपलिंग सोडलं की ते पुढच्या सांध्यापलीकडे सरकतं, सांधा फिरतो, लूपवरून ते गाडीच्या शेपटीशी येतं. गार्डचा डबा आधी बाजूला. मग आलेल्या तीन वाघिणी ओढून काढायच्या; पण धक्क्याला कालच्या दोन भरलेल्या उभ्या आहेत, त्या आधी बाहेर घ्यायला हव्यात आणि लूपमध्ये जागा एकाच बाजूला आहे. आज आलेल्यांतली एक वाघीण रॉकेलची, ती कापसाच्या गठाणींशेजारी उभी करायची नाही. हे सगळं करताना पॅसेंजर बोगी फलाटालाच राहिल्या पाहिजेत, कारण परतीची वेळ झाली की लोक चढणार. नीट केलं तर वीस-पंचवीस मिनिटं जातात. प्रत्येक वाघिणीचं एक छोटं कार्ड करायचं: काय भरलं, कुठून, कुठे. कार्डं पिसली की उद्याचं काम वेगळं. आणि भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटांत एक तास धावतं असं मानायचं, म्हणजे पुसेगावचा अख्खा दिवस संध्याकाळच्या दोन तासांत उरकतो. घरातल्या मुलाला स्टेशन मास्तर करा. त्याने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी भिंतीआडून निघणार नाही, हा नियम मोठ्यांनीही पाळायचा.

वर्ष आणि महिना ठरवणं हे मला सर्वांत आवडणारं प्रकरण. वर्ष ठरलं की फलाटावरच्या पाटीवर कोणत्या लिपी येतील, पोलिसाच्या अंगावर कोणता गणवेश असेल, तिकिटाचे पैसे निजामाच्या हाली सिक्क्यात घ्यायचे की इंग्रजी कलदारात, हे सगळं ठरतं. निजाम सरकारने रेल्वे कंपनीकडून आपल्या हाती घेतली १९३० मध्ये. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत गेली. १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे झाली. हिंगोलीला आमच्या छोट्या गाडीशेजारी उभ्या राहणाऱ्या मीटर गेज डब्यावरची अक्षरं दर वेळी बदलली. मी १९३५च्या आसपासचं धरलं आहे. पुठ्ठ्याचं तिकीट करायला विसरू नका. अख्ख्या मॉडेलमध्ये ही एकच वस्तू खऱ्या मापाची करता येते, आणि पाहुण्यांना ती हातात देता येते.

महिना पौष. कापसाचा हंगाम ऐन भरात, म्हणून धक्क्यावर गठाणी हव्यात. शेतात पऱ्हाटी उभी, ज्वारी पोटऱ्यात किंवा कणसात, हरभरा हिरवा, तूर काढणीला. कयाधूला पाणी आहे, पण पात्रभर नाही. पळस फुललेला दाखवायचा मोह फार होतो, लाल रंग फोटोत छान दिसतो. पण पळस फुलतो फाल्गुनात. पौषात पळस फुलवला तर शेतकऱ्याचं पोर पहिल्याच नजरेत पकडेल, आणि मग तुमच्या किटसन इंजिनावरचाही त्याचा विश्वास उडेल.

सामानाचं म्हणाल तर परदेशी दुकानांच्या याद्या पाहून घाबरू नये. आठ बाय चारचं प्लाय उभं कापलं की दीड-दीड फुटाच्या दोन पट्ट्या मिळतात आणि एक फुटाची तिसरी उरते. बारा मिलिमीटर जाडीचं घ्या, खालून लाकडी चौकट द्या आणि दोन्ही बाजूंना रंगाचा हात मारा, नाहीतर पावसाळ्यात ते फुगतं आणि उन्हाळ्यात वाकडं होतं. रुळाच्या दर मीटरला अर्धा मिलिमीटर फट ठेवा. आमच्याकडचा मे महिना त्या अर्ध्या मिलिमीटरची परीक्षा घेतो. बाभळीसाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी उत्तम. शेपूचे आणि कोथिंबिरीचे वाळलेले फुलोरे दुधात पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवावेत असं कुणी सांगेल, तसं करू नका, दूध नासतं आणि मुंग्या येतात. पाण्यात पातळ केलेला पुरतो.

मातीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. रंगवलेल्या भुशापेक्षा आपल्या शेताची काळी माती हजार पटीने खरी दिसते. ती उन्हात वाळवा, तव्यावर कोरडी भाजा म्हणजे बुरशी आणि किड्यांची अंडी मरतात, मग मलमलच्या कापडातून चाळा. आणि रुळाजवळ टाकण्याआधी एक चांगला लोहचुंबक कागदात गुंडाळून तिच्यातून फिरवा. कागदाला बारीक काळी लव चिकटलेली दिसेल. आपली जमीन बेसॉल्टची. तिच्यात चुंबकाला चिकटणारे लोहाचे कण असतात. ते तसेच राहिले तर मोटारीचा चुंबक त्यांना खेचून घेतो आणि छोटं इंजिन कुरकुरत थांबतं. कागद उलगडा, लव झटका, पुन्हा फिरवा. कागद कोरा येईपर्यंत. खडीसाठी खाणीची कच चाळून घ्यावी. पन्नास मिलिमीटरची खरी खडी १:८७ ला अर्ध्या मिलिमीटरहून जराशी मोठी होते, बारीक रव्याच्या जवळपास. हलक्या मार्गावर खडी मुळातच बेताची असते, स्लीपरच्या मधून माती दिसू द्या.

रंगवलेल्या भुशाची जी गत, तीच विकतच्या बैलांची. १:८७ प्रमाणातली जनावरं मिळतात ती युरोपची: पाठ सपाट, शिंगं आखूड, रंग काळे-पांढरे. त्यांना गाडीला जुंपलं तर आमच्याकडे कुणी बैल म्हणणार नाही. एम-सीलचा मोहरीएवढा गोळा खांद्यावर लावून टाचणीने वशिंडाचा आकार द्यावा, गळ्याखाली पोळी ओढावी, शिंगांसाठी वायरमधली एक तांब्याची तार. लाल कंधारीचा गडद लाल रंग दिला की तो मराठवाड्याचा होतो. माणसांचंही तसंच: हॅट कानशीने घासून काढायची आणि त्याच एम-सीलचा फेटा बांधायचा. बायकांच्या युरोपीय झग्यांची नऊवारी करणं अवघड आहे. त्यासाठी वेगळं प्रकरण आहे आणि ते माझ्या पत्नीने लिहिलं आहे.

विजेचं इथे फार सांगत नाही. बारा व्होल्ट डीसी लागतं, मोटारसायकलच्या बॅटरीवरही काम भागतं, त्यामुळे लोडशेडिंगचा प्रश्न येत नाही. वायरिंग पहिल्यांदा करणाऱ्याने सांधे हाताने तारेच्या ओढीने फिरवावेत. बार्शी लाइटवरही माणूसच फिरवत होता.

या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय, असा प्रश्न गावात विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला दोष देता येत नाही. उत्तरादाखल एक उदाहरण देतो. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला आलेला रॉय इंग्लंड नावाचा माणूस विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑक्सफर्डजवळची खेडी बघत हिंडला. जुनी गवताच्या छपरांची घरं पडताना पाहून त्याने त्यांची मापं घेतली आणि पुठ्ठ्यात ती छोट्या प्रमाणात बांधायला सुरुवात केली, परसातल्या भाजीच्या वाफ्यांसकट. त्यातून पेंडन संग्रहालय उभं राहिलं. तिथल्या रुळांपेक्षा लोक आज ती घरं बघायला जास्त जातात. जॉन अहर्नची ‘मॅडर व्हॅली’ ही कल्पनेतली रेल्वेही त्याच छपराखाली आहे; ती कधीच अस्तित्वात नव्हती आणि तरी ती जपून ठेवावीशी वाटली. १९६३च्या बीचिंग अहवालानंतर ब्रिटनमध्ये शेकडो शाखामार्ग बंद झाले, आणि त्यानंतर शाखांची मॉडेल्स करणारे वाढले. आपल्याकडे शाखा तुटल्या, रुंद झाल्या किंवा गंजत पडल्या. मँचेस्टरला १९२१ मध्ये बांधलेलं शकुंतलेचं इंजिन १९९४ पर्यंत धावलं. पण हे सगळं मापात पकडून ठेवणारी माणसं फार थोडी निघाली. माझं मत विचाराल तर पौषातल्या पुसेगावचं, जिनिंगचं, गठाणींचं, बैलगाड्यांच्या रांगेचं मॉडेल रेल्वेशिवायही करण्यासारखं आहे. रेल्वे त्या सगळ्याला एक वेळापत्रक देते, म्हणून ती हवी.

पुस्तक क्रमाने वाचावं. इंजिनांचं प्रकरण मुद्दाम शेवटून दुसरं ठेवलं आहे, त्याच्यावर आधी उडी घेऊ नये. वसमत, बोल्डा, हिंगोली, कान्हेरगाव नाका या भागात ज्यांचं बालपण मीटर गेजच्या काळात गेलं त्यांच्याकडे एक मागणं आहे. लग्नाच्या वरातीचे, बदलीच्या निरोपाचे, फलाटावर उभ्या कुटुंबाचे फोटो घरोघरी असतील. त्यात कुठेतरी मागे रूळ दिसत असेल. रुळांमधलं अंतर एक मीटर हे पक्कं ठाऊक असल्यामुळे, रुळांच्या जवळ उभ्या असलेल्या कशाचंही माप अशा फोटोवरून काढता येतं: खोलीचं दार, पाण्याचा नळ, कंदिलाचा खांब. ते फोटो शोधा आणि मागच्या बाजूला वर्ष, स्टेशन आणि कॅमेरा कोणत्या दिशेला होता ते लिहून ठेवा. लिहिताना पेन्सिल वापरा. शाई काही वर्षांनी पुढच्या बाजूला उमटते.